तिखाडी, ओव्याचं तेल काढायला काचेची नळी कोणती घ्यावी: सरळ, फुग्यांची का वेटोळ्याची

आपण काही लॅबवाले नाही, अकोट तालुक्यात खारपाण पट्ट्यात, म्हणजे जिथं जमिनीखालचं पाणीच खारं, तिथं वावर आहे, कपाशी, तूर, सोयाबीन तेच सगळ्यांचं जे असते ते. बांधावर तिखाडी, म्हणजे रोशा गवत, लावलेली आहे, घरामागं गवती चहाचे दहा-बारा बुंधे, अन् वाळलेली तुळस, ओवा, निलगिरीचा पाला असं जे हाती लागते त्याचं वाफेवर तेल काढून पाहायचा नाद लागला. यूट्यूबवर व्हिडिओ लय आहेत पण सगळ्यात थंडगार नळाचं पाणी चोवीस तास सुरू अन् एसी खोलीत बसून काम चालू, आपल्याकडं मे महिन्यात टाकीतल्या पाण्यानं हात भाजते तिथं कोणती नळी चालते हे कोनी सांगत नाही. म्हणून हे लिहून राहिलो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. वाळलेला पाला पाण्यासंगं नाहीतर वाफेवर गरम करायचा, वाफ तेलाला घेऊन वर येते, ती वाफ काचेच्या नळीतून जाते, नळीच्या भोवती दुसरी नळी असते त्यातून थंड पाणी फिरते, वाफेचं पाणी होते अन् बाटलीत वर तेल तरंगते खाली सुगंधी पाणी राहते. तिखाडीच्या तेलातला मुख्य माल म्हणजे जिरॅनिऑल, ते एकटं उकळायचं म्हटलं तर २३० डिग्री लागते, पण पाण्याच्या वाफेसंगं तेच १०० च्या आत निघून येते, तेल जळत नाही. सगळा खेळ हाच आहे. आता ही जी थंड करायची नळी, कंडेन्सर म्हणतात तिला, तिचेच तीन-चार प्रकार मिळतात अन् माणूस तिथंच गोंधळते, काहून की फोटोत सगळ्याच भारी दिसतात.

आपल्याकडं आता चार आहेत. साधी सरळ नळी जिला लीबिग म्हणतात, ४०० मिमीची. फुग्याफुग्यांची आलिन, ३०० ची. आतमधी वेटोळं असलेली ग्रॅहॅम, तीही ३०० ची. अन् क्लेव्हेंजर नावाचा अख्खा सेट, ज्याच्यात तेल मोजायची रेघा मारलेली नळी असते. दोन नागपूरच्या सायंटिफिक दुकानातून आणल्या, बाकी माल अंबाल्याहून पार्सलनं आला, हरियाणातलं अंबाला म्हणजे शाळा-कॉलेजच्या लॅबचं सामान बनायचं गावच आहे, ऑनलाइन जे दिसते त्यातलं निम्मं तिथलंच असते.

नळी हातात आली की पहिले काच तपासा. दुकानदार सगळ्यालाच बोरोसिलिकेट म्हणते. खरी बोरोसिलिकेट काच तापल्यावर साध्या काचेच्या एक तृतीयांशच फुगते, म्हणून एका बाजूनं १०० डिग्रीची वाफ अन् दुसऱ्या बाजूनं थंड पाणी असलं तरी तडकत नाही, साधी काच असली तर कधी ना कधी टण्णकन आवाज होणार. ओळखायची युक्ती घरातच आहे अन् आपण विदर्भवाले त्यात नशीबवान, सोयाबीनचं तेल. एका स्वच्छ काचेच्या ग्लासात सोयाबीन तेल घ्या अन् नळीचं टोक त्यात बुडवा. बोरोसिलिकेट असली तर बुडालेला भाग जवळपास दिसेनासा होते, कडा सुद्धा शोधाव्या लागतात, काहून की त्या काचेतून अन् त्या तेलातून उजेड सारखाच वाकते, दोघांचा आकडा १.४७ च्या आसपास. साधी काच १.५२ ची, ती तेलात चांगली ठळक दिसते. चहाचा साधा ग्लास बाजूला बुडवून पाहा, फरक लगेच कळते. पोट्टे तर हे पाहायलाच जमा होतात, जादू वाटते त्यांना. आपल्या चारी नळ्या यात पास झाल्या, पण एका दुकानदारानं फुकट म्हणून दिलेला अडॅप्टर, म्हणजे दोन नळ्या जोडायचा काचेचा तुकडा, तेलात चकचकीत दिसत होता, तो वाफेवर लावलाच नाही.

दुसरी तपासणी जोडाच्या ताणाची. काच भट्टीत हळू थंड केली नसली तर जोडावर ताण राहून जाते अन् मग महिन्या-दोन महिन्यांनी विनाकारण चीर पडते. मोबाईलवर पांढरी स्क्रीन फुल ब्राइटनेसवर लावा, नळी समोर धरा अन् पोलराइज्ड गॉगल लावून पाहा, गॉगल जरा फिरवायचा म्हणजे स्क्रीन काळी पडते. त्या काळ्यावर नळीच्या जोडाजवळ रंगीत पट्टे दिसले की समजायचं ताण आहे. आलिनच्या वरच्या जोडाला थोडेसे पट्टे होते, दुकानदाराला व्हिडिओ पाठवला, तो म्हणे साहेब पहिल्यांदाच कोनी असं तपासलं. बदलून दिली बरं त्यानं, वाद घातला नाही.

आता मुद्द्याचं.

सरळ नळी, लीबिग. नाव जर्मन शास्त्रज्ञाचं आहे पण ही नळी त्याच्याही आधीची, १७७१ साली वाइगेल नावाच्या माणसानं छापून मांडली होती, लीबिगनं ती गाजवली. दिसायला एकदम गरीब. एक नळी, तिच्याभोवती दुसरी नळी, बस. फोटोत पाहून माणूस म्हणते याच्यात काय थंड होणार. पण माझ्या अनुभवानं आपल्या कामाला हीच सगळ्यात बरी, अन् याचं कारण काचेत कमी अन् आपल्या पाण्यात जास्त आहे.

हिशोब करून पाहा. एक लिटर अर्क, म्हणजे नळीतून पडणारं तेलासकट सुगंधी पाणी, गोळा करायचा तर वाफेतून साधारण ५४० किलोकॅलरी उष्णता नळीतल्या पाण्यानं ओढून न्यावी लागते. डिसेंबरात पाणी २० डिग्रीचं आत गेलं अन् ५० चं होऊन बाहेर पडलं तर १८ लिटरात काम भागते. मे महिन्यात टाकीतलं पाणीच ४० चं, ते ५० वर बाहेर काढायचं तर त्याच एक लिटर अर्काला ५४ लिटर पाणी फिरवावं लागते. तिप्पट. अन् यात अर्क आणखी गार करायचा धरलाच नाही. म्हणजे नळी कितीही भारी घ्या, गरम पाणी घालाल तर ती गरमच राहणार. उन्हाळ्यात नळी बदलण्यापेक्षा पहाटे चारला उठून काम करणं जास्त फायद्याचं पडते, नाहीतर पाण्याच्या टाकीत माठातलं पाणी अन् बर्फाच्या बाटल्या सोडा.

अन् ते ५४ लिटर पाणी कोणतं? आमच्याकडं बोअरचं पाणी खारं, पूर्णेच्या काठाचा सगळा पट्टाच तसा, अकोला, बुलडाणा, अमरावती तिन्ही जिल्ह्यांतल्या गावांना हे सांगायची गरज नाही. योजनेचं गोडं पाणी येते पण ते पिण्यापुरतं, रोज येईल याचाही भरवसा नाही, ते नळीत फिरवून नालीत सोडलं तर माय घरात घेणार नाही. मग खारं पाणीच फिरवा लागते अन् खारं पाणी तापलं की काचेच्या आतून पांढरा थर बसते. हा थर उष्णता अडवते, नळी हळूहळू निकामी होत जाते अन् आपण म्हणत बसतो की काच खराब निघाली.

सरळ नळीत हा थर काढणं सोपं आहे, बाहेरच्या नळीत लिंबूसत टाकलेलं कोमट पाणी भरून रातभर ठेवा, सकाळी हलवून ओतून द्या, आरपार दिसते. अन् आतल्या वाफेच्या बाजूला तर बाटली धुवायचा लांब ब्रश या टोकातून त्या टोकाला निघते. ही गोष्ट फालतू वाटते पण गवती चहा झाल्यावर त्याच नळीत तिखाडी काढायची असली तर वास धुऊन काढणं हेच अर्धं काम असते. गवती चहाचा सिट्रॉल लय चिवट, एकदा बसला की पुढच्या तेलात लिंबाचा वास येतच राहते.

३०० अन् ४०० मधी फरक पडते का? पडते. दोन-अडीचशे रुपये जास्त जातात पण उन्हाळ्यात ती १०० मिमीच वाचवते. ५०० वॅटचा हीटर लावला तर कागदावर ताशी ८०० मिली पाण्याची वाफ होऊ शकते, खरं त्याच्याहून कमीच होते कारण भांड्यातून उष्णता बाहेर जाते. एवढ्याला ४०० ची सरळ नळी हिवाळ्यात आरामात पुरते. गॅसच्या मोठ्या बर्नरवर कुकर ठेवून फुल आंच केली तर कोणतीच काच पुरत नाही, मग वाफ सरळ बाहेर, घरभर वास अन् तेल हवेत.

वेटोळ्याची ग्रॅहॅम. ही पाहूनच माणूस हरखते, लग्नाच्या आहेरात आलेल्या काचेच्या सेटसारखी, शोकेसमधी ठेवायला एक नंबर अन् वापरायला जीव खालीवर. वाफ वेटोळ्यातून गोल गोल फिरत खाली येते, काचेचा पृष्ठभाग भरपूर, म्हणून थंड चांगलंच करते, यात वाद नाही. थोड्या पाण्यात जास्त थंड करायचं असलं तर हीच. पण दोन-तीन गोष्टी दुकानदार सांगत नाही.

एक, ही उभीच लावावी लागते. सरळ नळी जशी तिरपी लावता तशी ही तिरपी लावली तर वेटोळ्याच्या प्रत्येक फेऱ्यात पाणी तुंबते, मागून वाफ ढकलते, मग गचके देत देत अर्क उडते. उभी लावायची म्हटलं की वाफ वरून आत सोडावी लागते, म्हणजे पाला उकळायचा काचेचा फ्लास्क, त्याच्यावर नळी, मग वाकडा अडॅप्टर, मग खाली ग्रॅहॅम, अन् तिच्याखाली बाटली. स्टँड उंच लागते, टेबल लागते, अन् घरात लहान लेकरं असली तर विचारूच नका.

दोन, वेटोळं अरुंद असते. वाफ जोरात आली की आत दाब वाढते. जोड सैल असला तर टोपण उडते एवढंच, पण कोनी जोड पक्का बांधून ठेवला असला तर धोका आहे. कोणतीही नळी असो, खालचं तोंड हवेला उघडं पाहिजे, बंद बाटलीत नळी घुसवून बूच लावायचं नाही, हे ध्यानात ठेवा.

तीन, ओवा. ओव्याच्या तेलात थायमॉल भरपूर असते, बाजारात ओव्याचं फूल म्हणून खडे मिळतात ते हेच, कापूर अन् पुदिन्याच्या फुलासंगं मिळवलं की आपोआप पाणी होते, अमृतधारा त्याचीच करतात. हे थायमॉल ५० डिग्रीच्या आसपास वितळते, म्हणजे त्याच्या खाली थंड झालं की खडे धरायला मोकळं. डिसेंबरात गार पाणी फिरवलं अन् ओवा काढला तर नळीच्या आतून पांढरं पांढरं धरायला लागते. सरळ नळीत ते दिसते अन् पाणी जरा बंद केलं की नळी तापून सगळं वितळून खाली येते, तेल फुकट जात नाही. वेटोळ्यात कुठं धरलं ते दिसते पण वाट अरुंद, भीती वाटते. ओवा, कापूर, पुदिना असं काढणाऱ्यानं ग्रॅहॅम घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

अन् धुणं. वेटोळ्यात ब्रश जात नाही, स्पिरिट फिरवून फिरवून काढावं लागते, तरी शेवटच्या फेऱ्यात तेलाचे थेंब चिकटलेले दिसतातच. अर्धा किलो पाल्यातून तेलच मिळते दोन-चार मिली, त्यातलं अर्धा मिली वेटोळ्याला चिकटून राहिलं तर काय कमावलं. जास्त पृष्ठभाग म्हणजे जास्त थंड हे खरं, तसं जास्त पृष्ठभाग म्हणजे जास्त चिकटलेलं तेल हेही तेवढंच खरं, मोठ्या मालाला फरक पडत नाही, आपल्या घरगुती मापाला पडते.

आलिन, फुग्यांची. हिच्याबद्दल थोडक्यातच, ही नळी मुळात वेगळ्या कामाची आहे, वाफ वर जाऊन थंड होऊन परत त्याच फ्लास्कात पडावी यासाठी. सरळ उभी लावली तर मस्त. तिरपी लावली तर प्रत्येक फुग्याच्या पोटात अर्काचं डबकं. ज्यानं क्लेव्हेंजर घेतला त्याला वर लावायला ही उपयोगाची, बाकीच्यांनी पैसे वाचवावे.

आता क्लेव्हेंजर. हा अमेरिकेतल्या क्लेव्हेंजर नावाच्या माणसानं १९२८ साली मांडला, अन् आजही औषधांच्या, मसाल्यांच्या लॅबमधी तेलाचं प्रमाण काढायला हाच लागते. युक्ती भारी आहे. वाफ वर जाते, थंड होते, रेघांच्या नळीत पडते, तेल वर साचते अन् खालचं पाणी एका आडव्या नळीतून परत फ्लास्कात जाते. म्हणजे पाणी संपत नाही, तीन-चार तास चालू द्या, अन् शेवटी रेघेवर वाचायचं किती मिली तेल निघालं. १०० ग्रॅम ओवा टाकला अन् रेघेवर ३ मिली दिसलं की ३ टक्के, हिशोब खलास. ओव्यात साधारण २ ते ४ टक्के निघते, त्याच्या फार खाली आलं तर समजा ओवा जुना आहे नाहीतर त्यातलं तेल आधीच कोनीतरी काढून वाळवून विकला आहे. मसाल्याच्या व्यापाऱ्यासमोर हे मशीन ठेवलं तर त्याचा चेहरा पाहण्यासारखा होते.

तिखाडीला तर हा फार कामाचा. तिखाडीत दोन जाती, मोतिया अन् सोफिया, मोतियाला भाव आहे कारण जिरॅनिऑल जास्त, सोफियाला तेवढा नाही. अन् तेल कापणीच्या वेळेवर फार अवलंबून, फुलोऱ्यात आली की जास्त, दांडीत जवळपास काहीच नाही. आता फुलोरा आल्यावर लगेच कापावी का बी धरेपर्यंत थांबावं, सावलीत दोन दिवस सुकवावी का लगेच टाकावी, हे दुसऱ्याच्या सांगण्यावर करण्यापेक्षा १०० ग्रॅम टाकून रेघ वाचली की आपल्या वावराचं उत्तर आपल्याला मिळते. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात औषधी-सुगंधी वनस्पतींचं काम चालते, तिथं जाऊन विचारलं तर माणसं सांगतात बरं, पण कापणीच्या आठवड्यात रोज कोण जाते.

क्लेव्हेंजरचा तोटा म्हणजे तो फार नाजूक. ती परत जाणारी आडवी नळी पेन्सिलएवढी अन् धुताना बेसिनला लागली की गेली. नवीन घ्यायचा तर अख्खाच घ्यावा लागते, कोनी काच जोडून देणारा अकोल्यात मला तरी भेटला नाही. दुसरी गोष्ट, पाण्याहून हलकं तेल अन् पाण्याहून जड तेल यांचे क्लेव्हेंजर वेगळे येतात. लवंग, दालचिनीचं तेल बुडते, त्याला जडवाला लागते. ऑर्डर देताना हे सांगितलं नाही तर हलकावालाच येते, आपल्याला बहुतेक तोच पाहिजे असते म्हणा. अन् हा माल काढायचं मशीन नाही, मोजायचं आहे. १०० ग्रॅममधी तेल काढून कोणी श्रीमंत झालं नाही. गावात शेतकरी गट असला, कंपनी काढली असली तर सगळ्यांनी मिळून एक घ्या, एकट्यानं घेण्याइतकी ती चीज नाही. मी घेतला तो नादापायी, घरची अजूनही किंमत विचारते अन् मी अजूनही सांगितली नाही.

जोडांचं थोडं सांगतो कारण इथं पैसे वाया जातात. काचेचे जोड घासलेले असतात, त्यांना नंबर असते, २४/२९, १९/२६, १४/२३ असे. पहिला आकडा तोंडाची रुंदी मिलीमीटरमधी, दुसरा लांबी. भारतात बहुतेक २४/२९ मिळते. कोण्या विदेशी साईटवरून २४/४० आला तर घाबरू नका, उतार दोन्हीचा सारखाच असते, बसते, फक्त लांबी कमी-जास्त राहते. पण २४ मधी १९ बसत नाही, मग अडॅप्टर घ्या, म्हणून पहिल्यापासून सगळं २४ चंच ठरवा.

जोडाला व्हॅसलीन लावू नका. असे व्हिडिओ आहेत, पण सुगंधी तेल व्हॅसलीन विरघळवते अन् ते तुमच्या तेलात उतरते. नळवाल्याकडचा पांढरा टेफ्लॉन टेप एक पदर गुंडाळा, बस झालं, गळत नाही अन् जोड अडकतही नाही.

पाण्याच्या नळ्या जोडायचे जे काचेचे निप्पल असतात ते सगळ्यात आधी तुटतात. पाईप जोरात घुसवला, कट. अंबाल्याहून आलेल्या ग्रॅहॅमचं एक निप्पल पार्सलमधीच तुटून आलं होतं, दुकानदारानं आठवडाभर फोन उचलला नाही, नाव घेत नाही. आता ज्या नळीला प्लास्टिकचे आट्यावाले निप्पल येतात तीच घ्या, शंभर-दोनशे जास्त गेले तरी चालते, तुटलं तर दहा रुपयांचं निप्पल बदलते, नळी नाही. काचेचंच असलं तर सिलिकॉन पाईपचं टोक गरम पाण्यात बुडवून मऊ करा मग घाला. अन् पाणी नेहमी खालून आत, वरून बाहेर, म्हणजे बाहेरची नळी पूर्ण भरलेली राहते. उलटं केलं तर अर्धी नळी रिकामी राहते अन् काच एका बाजूनं तापते.

पाणी फिरवायला वेगळा पंप विकत घेऊ नका. आपल्याकडं प्रत्येक घरी कूलर आहे अन् प्रत्येक घरी एखादी जुनी कूलरची मोटर पडलेली आहे. तीच बादलीत सोडा, पाईप लावा, झालं. पाच-सहा फुटांपर्यंत पाणी चढवते, टेबलावरच्या नळीला एवढं पुष्कळ. फक्त लाईट गेली की मोटर बंद अन् गॅस चालूच राहते, मग दोन मिनिटात नळी तापते अन् वाफ बाहेर. हीटरवर काम करत असाल तर लाईट गेल्यावर दोन्ही एकदम बंद होतात, त्यामुळं आमच्यासारख्या लोडशेडिंगच्या गावात गॅसपेक्षा हीटर बरा. नाहीतर बादली उंच ठेवून वरून धारेनं पाणी सोडा अन् खालच्या बादलीत जमा करा, भरली की परत वर, घाम निघते पण लाईटवर अवलंबून राहावं लागत नाही. गॅसवर काचेचा फ्लास्क डायरेक्ट ठेवू नका, मधी जाळी नाहीतर वाळूचं भांडं ठेवा.

एक वेगळीच अडचण आहे जी कोण्या रिव्ह्यूमधी नसते. काचेची नळी, खालून जाळ, थेंब थेंब पडणारं पाणी, हे खिडकीतून दिसलं की गावात काय बोलणार? पहिल्याच आठवड्यात एक काकाजी संध्याकाळी येऊन बसले, इकडचं तिकडचं बोलले अन् मग हळूच म्हणाले, "काहो बापू, मोहाची का संत्र्याची?" बाटली हातात दिली, वास घेतला अन् तोंड वाकडं करून म्हणे, "हे तं गुडघ्याले लावाचं तेल होय." तिखाडीचा वास त्या पिढीला बरोबर ओळखू येते, पूर्वी सातपुड्याच्या पायथ्याशी हे तेल काढायच्या भट्ट्याच लागत. त्यांना एक छोटी बाटली दिली, करडीच्या तेलात मिसळून चोळा म्हटलं, नुसतं लावलं तर आग होते. तेव्हापासून गावात शंका मिटली पण फुकट बाटलीचे गिऱ्हाईक वाढले. साळा वर्धा जिल्ह्यात राहते, त्याला म्हटलं तुह्याकडं लावून दाखवतो तर तो म्हणते, "भाऊजी, हा दारूबंदीचा जिल्हा, तुमचं तेल पोलीस ठाण्यात समजावून सांगत बसू का मी?" त्याचंही खरं आहे. अन् जंगलातली तिखाडी कापून आणायच्या भानगडीत पडू नका, वनविभागाची परवानगी लागते, बांधावर चार बुंधे लावले की पुरतात, पाणी कमी लागते अन् ढोरंही फारशी तोंड लावत नाहीत.

किमतीचं बोलायचं तर नागपूरच्या दुकानात सरळ ४०० ची नळी हजाराच्या आत बसली, ग्रॅहॅम तिच्या दीडपट, आलिन मधातली, क्लेव्हेंजरचा सेट फ्लास्कासकट तीन हजाराच्या वर. मोठ्या कंपनीची काच याच्या दुप्पट-तिप्पट जाते, काच निश्चितच जाड अन् जोड घट्ट, पण घरगुती कामाला अंबाल्याची तेलात बुडवून तपासलेली नळी पुरते. ऑनलाइन घेतली तर पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा, काचेच्या मालाला हाच पुरावा.

पहिल्यांदाच सुरू करून राहिला असाल तर २४/२९ जोडाची, प्लास्टिक निप्पलची, ४०० मिमीची सरळ नळी, एक लिटरचा फ्लास्क, वाकडा अडॅप्टर अन् कूलरची जुनी मोटर. गवती चहापासून सुरू करा, पाला स्वस्त अन् तेल लवकर दिसते, पहिल्या अर्ध्या तासातच वर पिवळी रेघ येते. वाळा, म्हणजे खस, पहिल्यांदाच टाकू नका, तेल फार सावकाश निघते अन् माणूस कंटाळून गॅस बंद करते. निघालेलं तेल काळसर काचेच्या बाटलीत ठेवा, प्लास्टिकच्या बाटलीला ते खाते, अन् असं तेल पाण्यात टाकून प्यायचे जे उपाय फिरतात ते करू नका, ओव्याचं शुद्ध तेल तर जिभेला भाजते.

माझी ग्रॅहॅम आता एक निप्पल सोडलं तर धडधाकट आहे, अर्ध्या किमतीत देऊन टाकायची आहे. ज्याला हिवाळ्यात फक्त गुलाब, मोगरा असं काढायचं आहे अन् ज्याच्या घरी गोडं पाणी आहे त्याला चालेल, खारपाण पट्ट्यातल्यानं विचारूही नये. अकोट स्टँडवर येऊन तपासून न्या, सोयाबीन तेलाची बाटली मी आणतो.